ओठांनी ऊ, जिभेनं ई

बाई,

माझी मुलगी जर्मन घ्यायला नाही म्हणते आहे. नववीत तिसरी भाषा कोणती घेणार ते उद्या, सोमवारी, शाळेला कळवायचं आहे, आणि गेला आठवडाभर आमच्या घरात दुसरा विषय नाही. आज रविवार. सकाळपासून मी गच्चीवर जाते, खाली येते, पुसलेला ओटा पुन्हा पुसते. नवरा कंपनीच्या शिफ्टला गेला आहे, मुलगी शेजारी मैत्रिणीकडे जाऊन बसली आहे, आणि मला एका जागी बसवत नाही. शेवटी तिचीच एक जुनी वही ओढली आणि तुम्हाला लिहायला बसले. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर मला डोळे मिटून थांबावं लागतं. चेहरा मात्र लगेच येतो. त्यातही ओठ आधी.

मी आता शिरूरला राहते. मुलगी जाते त्या शाळेच्या मुख्याध्यापिकांनीच मला बोलावून विचारलं, की यंदापासून जर्मन सुरू करायचा विचार आहे, तुम्ही शिकवाल का. इथल्या एमआयडीसीमुळे पालक परदेशी भाषेचं विचारायला लागले आहेत. मी हो म्हणाले, इतक्या घाईने की मलाच लाज वाटली. लग्नाआधी मी एका कारखान्यात यंत्रांची माहितीपुस्तकं जर्मनमधून इंग्रजीत करायचे, मुलगी झाल्यावर तेच काम घरून करत राहिले. वर्षानुवर्षं स्क्रू, पट्टे आणि तेलाच्या टाक्या. समोर माणूस असलेली जर्मन मी तुमच्यानंतर फारशी बोललेच नाही. म्हणून मला तो वर्ग हवा होता, बाई. पण वर्ग सुरू व्हायला जेवढी मुलं लागतात त्यात एक नाव कमी पडत होतं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, तुमची मुलगी तर आहेच की. मीही हसून मान हलवली, आणि घरी येऊन सांगितलं तेव्हा मुलगी म्हणाली की तिने हिंदी घ्यायचं कधीच ठरवलं आहे.

तिच्यावर मी रागावले ते अजून रागावलेलीच आहे. पण राग नुसता तिच्यावर नाही, आणि दुसरा कुणावर आहे तेही मला धड कळत नाही. म्हणून मी दौंडला, आपल्या शाळेत, परत जाते आहे, मनाने.

मी मांडवगणची, फुलं पिकवणाऱ्या घरातली. गावात दहावीपर्यंतची शाळा होती, पण आमच्या आप्पांना, म्हणजे वडिलांना, एक पोर तरी इंग्रजीत शिकवायचं होतं. मामा दौंडला रेल्वेत होते, त्यांना कॉलनीत क्वार्टर होती, म्हणून मला तिकडे ठेवलं. जर्मन मी निवडली वगैरे नाही. आठवीत, हिंदीची तुकडी भरल्यावर, आम्हाला सांगितलं की संस्कृत किंवा जर्मन, आणि संस्कृतच्या बाकांवर जागा संपल्या. उरलेल्यांना जिन्याखालच्या खोलीत पाठवलं. तिथे तुम्ही उभ्या होतात. पुण्याहून पॅसेंजरने आलेल्या, साडीचा पदर खांद्यावर पिन लावून घट्ट बसवलेला, केस पांढरे व्हायला लागलेले. आम्ही सगळे ‘गुड मॉर्निंग मॅडम’ ओरडलो. तुम्ही म्हणालात की मॅडम नको, बाई म्हणा, आणि ओरडू नका, नुसतं तोंड नीट उघडा.

मग तुम्ही फळ्यावर यू काढलात आणि त्याच्या डोक्यावर दोन टिंबं दिलीत. हा स्वर आपल्याकडे नाही, म्हणालात. ओठांनी ऊ म्हणायचं आणि आत जिभेनं ई. आम्ही सगळी पोरं चोची काढून बसलेली आहोत, एकमेकांकडे बघून फसफसतो आहोत, आणि तुम्ही बाकाबाकाशी वाकून प्रत्येकाच्या ओठांकडे बघता आहात. मला वाटलं, केवढी कडक बाई आहे. माझ्यापाशी थांबलात. मी दाराला जर्मनमध्ये जो शब्द आहे तो म्हणाले, ‘ट्यूर’. तुम्ही मान हलवलीत आणि पुढे गेलात. एवढंच झालं होतं, पण त्या दिवशी क्वार्टरवर जाईपर्यंत मी तेच पुटपुटत होते, आणि मामी म्हणाल्या, दातात काय आडकलंय का गं?

आमची शाळा रेल्वे यार्डाला लागून होती हे तुम्हाला आठवत असेल. मालगाडी निघाली की सगळे शिक्षक वाक्याच्या मधेच थांबायचे, खडू हातात धरून. डबे संपले की जिथे थांबले तिथूनच पुढे. आम्हाला त्याची इतकी सवय होती की दुसऱ्या गावच्या शाळेत शिक्षक न थांबता शिकवतात याचंच नवल वाटायचं. तुम्ही मात्र थांबत नव्हतात. इंजिनाचा भोंगा वाजतो आहे, खिडक्यांची तावदानं थरथरतात, आणि तुम्ही आपल्या शांतपणे क्रियापदं सांगता आहात. आम्हाला नुसते हलणारे ओठ दिसतात. मुलं म्हणायची, बाईंना गाडीचीसुद्धा फिकीर नाही. मलाही बराच काळ तसंच वाटत होतं.

कळलं ते नववीच्या शेवटी. तुम्ही फळ्याकडे तोंड करून लिहीत होतात आणि मागच्या बाकावरच्या एकाने उत्तर म्हणून काहीतरी वेडंवाकडं, शिवीच्या जवळचं, मोठ्याने म्हटलं. वर्ग हसला. तुम्ही लिहीतच राहिलात. वळलात, सगळ्यांचे हसरे चेहरे बघितलेत आणि तुम्हीही हसलात. ‘गूट,’ म्हणालात. छान. माझ्या शेजारी रेल्वेच्या एका गार्डची मुलगी बसायची, माझी तिथली एकुलती जवळची मैत्रीण. तिने माझा हात दाबला. दोघींना एकदमच कळलं होतं. त्यानंतर आम्ही दोघी पहिल्या बाकावर बसायला लागलो, आणि मागे कुणी काही विचारलं की आम्ही वळून, मग पुन्हा तुमच्याकडे तोंड करून, तो प्रश्न आमचाच असल्यासारखा विचारायचो. तुम्हाला ते समजत होतं का? मला वाटतं समजत होतं. दहावीला वर्ग गेला तेव्हा बाकीच्यांनी, मार्क कमी पडतात म्हणून, हिंदी घेतली. आम्ही दोघीच उरलो.

कुणाच्या तरी पालकांनी तक्रार केली असणार. मुख्याध्यापकांनी मला ऑफिसात बोलावलं आणि विचारलं, तुमच्या बाईंना ऐकू येतं का. मी म्हणाले, येतं सर. मी बोलते त्याला तर त्या नेहमी उत्तर देतात. ते म्हणाले, बरं, जा. मला स्वतःचा केवढा अभिमान वाटला होता. मधल्या सुट्टीत तुम्ही मला पाण्याच्या टाकीपाशी गाठलंत. त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं, की तुमची विद्यार्थिनी तुमची बाजू घेते.

“मला ऐकू येतं असं तुला वाटतं?” तुम्ही विचारलंत.

मी नाही म्हणून मान हलवली.

“मग?”

“तुम्हाला काढतील, बाई.”

“काढू देत. मी बहिरी होत चाललेय, त्याला माझा इलाज नाही. पण माझ्यापायी एक पोर खोटं बोलायला शिकली, हे मला चालायचं नाही. चल.”

माझ्या मनगटाला धरून तुम्ही मला परत ऑफिसात नेलंत. उभ्या उभ्याच सांगितलंत, की ही मुलगी माझ्या काळजीने बोलली, उजव्या कानाने मला काही ऐकू येत नाही, डाव्याने थोडं येतं, समोरच्याचं तोंड दिसत असेल तर मी शिकवू शकते. मुख्याध्यापक हनुवटीवर आणि ओठांवर हात ठेवून काहीतरी म्हणाले. तुम्ही म्हणालात, सर, हात काढून बोला. त्यांनी हात काढला आणि म्हणाले, बघू. ते बघू दिवाळीच्या सुट्टीपर्यंत टिकलं. सुट्टीनंतर आम्हाला सांगण्यात आलं की जर्मनचा तास आता होणार नाही, बोर्डाचे फॉर्म भरायचे आहेत, ज्यांना बदलायचं त्यांनी अजूनही हिंदी घ्यावी.

त्याच आठवड्यातल्या रविवारी तुम्ही मांडवगणला आलात. मी रविवारची म्हणून घरी आले होते. शेवंतीचा तोडा चालू होता, अंगणात फुलांचे ढीग, आणि वडापच्या, माणशी भाडं घेणाऱ्या, जीपमधून, केसांत धूळ घेऊन, तुम्ही उतरताय. मला अजून ते खरं वाटत नाही. आई चुलीपुढे भाकरी थापत होती. तिने तुम्हाला पाट दिला आणि तुम्ही सरळ स्वयंपाकघरातच बसलात, तिच्या समोर, उजेड तिच्या तोंडावर पडेल अशा. ओसरीवरून आजोबा उठून दाराशी आले. त्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. आईला वाटलं, बाई मास्तरणीसारख्या समजवायला आल्या असतील, की मुलीचा विषय मोडू नका. तुम्ही उलटंच बोललात.

“मी हिला सोडवायला आलेय,” तुम्ही म्हणालात. “हिला हिंदी घेऊ द्या. वेळ थोडा आहे, पण हुशार आहे, होईल. माझ्या कानांपायी हिचं दहावीचं वर्ष जायला नको.”

आईने माझ्याकडे बघितलं. आबांनी काहीतरी विचारलं आणि तुम्ही गोंधळलात. त्यांनी पुन्हा विचारलं, जास्त मोठ्याने. तुम्ही अवघडून म्हणालात, “आबा, माफ करा, तुमच्या मिशा आड येतायत. मला तुमचे ओठच दिसत नाहीत.” आबांच्या मिशा तालुक्यात ठाऊक होत्या. मग आबांनी दोन्ही हातांच्या बोटांनी मिशा वर उचलून धरल्या, आणि तशाच धरून, एकेक शब्द सुटा करत ते म्हणाले, “पोरीला इचारलं का कुनी?”

आई पदरात तोंड घालून हसायला लागली. तुम्हीही हसलात, आणि हसता हसता तुमचे डोळे भरले ते मी पाहिलं. कुणी मला विचारलं नव्हतं हे खरंच होतं. मी म्हणाले, मला जर्मनच द्यायचीय. का, असं आप्पा बाहेरून म्हणाले. मला कारण सांगता आलं नाही. मी म्हणाले, द्यायचीय.

आबांच्या मिशा अजून हातातच होत्या. “बाई, रोप लावलं तुमी. त्यानं धरलं. आता तुमीच म्हनताय उपटा. आसं आस्तंय व्हय?”

आईने तुमच्या पुढ्यात भाकरी आणि वांग्याचं कालवण ठेवलं होतं, ते खाल्लंत. मग म्हणालात, असं असेल तर दर रविवारी पुण्याला पाठवावी लागेल, माझ्या घरी. आबा म्हणाले, “धाडू की. गाडी तर दौंडातनंच जाती.” जाताना आईने तुमच्या पिशवीत शेवंती भरली आणि मला म्हणाली, मला ती भाषा एकदा बोलून दाखव. मी तिला सांगितलं, की जर्मनमध्ये चंद्र तो, सूर्य ती आणि मुलगी ते. आई म्हणाली, “त्यात काय नवं? आपल्यात बी पोरगं म्हंजी तेच की.” हे मी तुम्हाला जीपपाशी सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, तुझी आई माझ्या वर्गात हवी होती.

त्या थंडीतले रविवार आठवले की मला लसणाचा वास येतो. तुमच्या स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला होती. मैत्रीणही माझ्याबरोबर यायची. आम्ही दोघी खिडकीकडे तोंड करून बसायचो आणि तुम्ही खिडकीकडे पाठ करून, म्हणजे सगळा उजेड आमच्या तोंडांवर. पुढ्यात लसूण सोलायला. हात चालू, तोंड चालू. आता लपवायचं काही नव्हतं, त्यामुळे तुम्ही दौंडपेक्षा कितीतरी मोकळ्या झाला होतात. जे उच्चार ओठांवर दिसत नाहीत, घशातून खरवडत येतात, ते तपासायला तुम्ही आमच्या गळ्यावर दोन बोटं ठेवायचात आणि थरथर लागली की मान हलवायचात. एकदा मैत्रीण तोंडावर हात घेऊन हसली, जसं मुलींना घरोघर शिकवतात तसं. तुम्ही चिडलात. म्हणालात, हात काढ, तोंड झाकून हसलीस तर मला कळणार कसं काय झालं ते? तेव्हापासून आम्ही दोघी तोंड उघडं टाकून हसायला लागलो. मामींना ते मुळीच आवडलं नाही.

तिथेच एकदा तुम्ही आपणहून सांगितलंत, की आधी तुम्ही एका कंपनीत दुभाष्याचं काम करत होतात. मीटिंगांमध्ये दोन्हीकडच्या साहेबांच्या मधे बसून इकडचं तिकडे. मग एक दिवस फोनवरचं नीट लागेना. मग टेबलाच्या टोकाला बसलेल्याचं लागेना. तुम्ही अंदाजाने भाषांतर करायला लागलात, आणि एकदा अंदाज चुकला, सगळे तुमच्याकडे बघायला लागले. काही भांडण झालं नाही, म्हणालात, मी पर्स उचलली आणि घरी आले. दौंडला कुणी ओळखत नव्हतं, म्हणून दौंड. तुम्ही हे लसूण सोलता सोलता सांगितलंत आणि लगेच पुढे म्हणालात, चला, भूतकाळ. आम्हाला कळेना, की तुमचा भूतकाळ की क्रियापदांचा.

शाळेत जर्मनचं कुणी उरलं नव्हतं, म्हणून तोंडी परीक्षेला आम्हाला पुण्याच्या एका शाळेत पाठवलं. परीक्षक तरुण होत्या, झटपट बोलणाऱ्या. मी घर, कुटुंब, आवडता ऋतू सगळं सांगितलं. त्या मधेच थांबल्या आणि मराठीत म्हणाल्या, “अगं, एवढं तोंड उघडून का बोलतेस? समोरचा बहिरा आहे का?” मी म्हणाले, “हो.” त्यांना वाटलं मी उद्धटपणा करते आहे. चेहरा बदलला त्यांचा. मार्क कापले असतील तर माहीत नाही. पुढच्या रविवारी मैत्रिणीने तुम्हाला हे साभिनय करून दाखवलं आणि तुम्ही इतक्या हसलात की तुम्हाला ठसका लागला, आणि पाणी पिऊन झाल्यावर तुम्ही माझ्या गालावर एक चापट मारलीत. हलकीच. तुम्ही मला हात लावण्याची ती एकच वेळ, गळ्यावरची बोटं आणि मनगट सोडलं तर.

दोघी पास झालो. मी चांगल्या मार्कांनी, ती काठावर. पुढे कॉलेजला मी पुण्यातच आले आणि तुमच्याकडे येत राहिले. तोपर्यंत डावा कानही गेला होता. शेवटच्या वर्षाला असताना तुमच्या भाच्याचा निरोप आला. मी पोचले तेव्हा घरात माणसं दबक्या आवाजात बोलत होती, आणि मला उगाच राग आला, की आता कशाला, या घरात तर कुणी कधी हळू बोललं नाही.

हे झालं तुमचं. आता माझ्या मुलीचं सांगते, कारण तेच सांगायला बसले होते.

परवा ती मोरीपाशी डबा धूत होती आणि मी पुन्हा तोच विषय काढला. ती माझ्याकडे पाठ करून म्हणाली, आई, मला नाही घ्यायची. मी म्हणाले, इकडे बघून बोल. ती वळली नाही.

“हेच,” ती म्हणाली. “तू कायम इकडे बघ, इकडे बघ म्हणतेस. मला कधीतरी पाठमोरं बोलू दे ना.”

तिने नळ बंद केला आणि मग पाठमोरीच बोलत राहिली. शेजारच्या खोलीत बिहारहून आलेलं कुटुंब राहतं, नवरा कंपनीत कंत्राटावर आहे, त्यांची मुलगी हिच्या वर्गात. ती मुलगी आता आपल्यासारखीच मराठी बोलते, ‘न्हाई’ सुद्धा म्हणते. तिच्या आईला मात्र मराठी येत नाही. दुपारी ती बाई जिन्यात बसून असते आणि माझी मुलगी शाळेतून आली की तिच्याशी बोलते. मध्यंतरी त्या बाईची आई तिकडे गावी वारली. जाता आलं नाही. ती जिन्यात बसून हिला काय काय सांगत होती, आणि माझी मुलगी म्हणाली, “मला टीव्हीवरची हिंदी येते, आई. अशा वेळी काय म्हणायचं ते येत नाही. मी नुसती ‘हां, हां’ करत बसले.”

मी म्हणाले, हिंदी काय, कुणालाही येते, त्यासाठी विषय घ्यायला लागत नाही. बोलल्या क्षणी मला माझा आवाज त्या परीक्षक बाईंसारखा वाटला. ती म्हणाली, मला नाही येत ना. आणि मग वळून, माझ्याकडे बघून तिने विचारलं, “तू का घेतली होतीस?”

माझ्याकडे उत्तरं तयार होती. नोकरी, पुढचं शिक्षण, जग मोठं होतं वगैरे, पालकांच्या मीटिंगमध्ये बोलायला लिहून ठेवलेली. मी तोंड उघडलं आणि त्यातलं एकही आलं नाही. आप्पांनी का म्हणून विचारलं होतं तेव्हाही आलं नव्हतं. मी तिला तुमच्याबद्दल सांगितलं. मालगाडीचं, पाण्याच्या टाकीचं, आबांच्या मिशांचं. तिला मी हे कधी सांगितलंच नव्हतं, बाई, कसं राहून गेलं कळत नाही. ती ओट्याला टेकून सगळं ऐकत होती. मिशांपाशी हसली. संपल्यावर म्हणाली, “छान होत्या बाई तुझ्या. पण मी हिंदीच घेणार.”

एवढं लिहून उठते. ती आली वाटतं.

आज बुधवार आहे. वही तशीच पडली होती. सोमवारी मी स्वतः शाळेत जाऊन हिंदी लिहून आले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, तुम्ही तिला सांगून बघा ना. मी म्हणाले, सांगून झालं. त्या दिवशी दुपारपर्यंत आणखी कुणाचं नाव आलं नाही आणि जर्मनचा वर्ग यंदा झाला नाही. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणाल्या. घोड नदीच्या पुलावरून घरी येताना मी मुलीवर इतकी संतापले होते की एका रिक्षावाल्याने गाडी हळू करून विचारलं, ताई, बरं वाटत नाही का. घरी पोचले तर ती आणि ती शेजारीण जिन्यात मटार सोलत बसल्या होत्या. मुलगी काहीतरी विचारत होती, एखाद्या शब्दाला काय म्हणतात ते, आणि ती बाई तिला दोनदोनदा म्हणून दाखवत होती. मला बघून दोघींनी पाय आखडून वाट दिली. मी वर गेले. चहा केला आणि त्यांच्यासाठी खाली नेऊन दिला.

राग गेला म्हणावं तर तसं नाही. कालपासून मी पुन्हा गच्चीवर जाते, खाली येते. एका पालकांचा फोन येऊन गेला, घरीच शिकवाल का आमच्या मुलीला, दोन-चार जणी गोळा करू. मी विचार करून सांगते म्हणाले आणि अजून सांगितलेलं नाही. स्वयंपाकघरातली जागा मोजून पाहिली मात्र. खिडकी पश्चिमेला आहे, पण दुपारनंतर उजेड बरा असतो.

एक सांगून टाकते. हे पत्र मी आधी जर्मनमध्ये सुरू केलं होतं. उजवीकडे गाव आणि तारीख, खाली मायना, दहावीच्या पेपरात लिहायचो तसं सगळं जमलं. मग पहिल्या वाक्यात अडले. मोठ्यांसाठी जर्मनमध्ये जे ‘झी’ आहे ते लिहिलं, तर मधे टेबल ठेवल्यासारखं झालं, कंपनीच्या पत्रातलं. मैत्रिणीला, आईला, देवाला म्हणतात ते ‘डू’ लिहायला घेतलं, तर तुमच्या धाकाने हात उचलेना. म्हणून मराठीत आले आणि निमूट तुम्ही-तुम्ही लिहीत गेले. पण हे काही पोस्टात पडणार नाही, तेव्हा लिहायला हरकत नसावी. तुम्ही गेलात त्या दिवसापासून, मनातल्या मनात, मी तुम्हाला अगं-तुगंच करते.